कामाचे घर कोठे? लिखाणाच्या सॉफ्टवेअरला फोल्डरचा पत्ता देताना

छापखाना असो, चादर-टॉवेलचा कारखाना असो, चाटी गल्लीतील कापडाची पेढी असो की विजापूर वेशीतील एखादे लहान दुकान असो, संगणक आता गल्ल्याच्या शेजारीच येऊन बसला आहे. बिल त्यावर निघते, दरपत्रक त्यावर टाईप होते, लग्नपत्रिकेचा मजकूर त्यावर जुळतो, चादरीची नक्षीही त्यावरच रेखली जाते. पण या संगणकात आपले काम नेमके कोणत्या जागी ठेवलेले आहे, असे मालकाला विचारले तर बहुधा उत्तर येते, “ते आमच्या पोराला ठाऊक.” पोराला विचारले तर तो म्हणतो, “डेस्कटॉपवर आहे की!”

आमच्या परिचयाच्या एका छापखान्यात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. लग्नसराई तोंडावर आली होती आणि संगणक मंदावला होता. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारावा लागेल म्हणून सांगितले आणि रीतीप्रमाणे विचारले, “सी ड्राइव्हमध्ये महत्त्वाचे काही नाही ना?” ऑपरेटर मुलगा खात्रीने म्हणाला, “नाही चाचा, सगळे डीमध्ये आहे.” त्याला तसेच वाटत होते, कारण डी ड्राइव्हमध्ये ‘काम’ नावाचे फोल्डर खरोखरच होते. प्रत्यक्षात त्यात पहिल्या दोन महिन्यांचीच कामे होती. पुढे लिखाणाचे सॉफ्टवेअर नवे बसले, त्याने स्वतःच्या सोयीची जागा धरली आणि मुलगा ‘सेव्ह’ दाबत राहिला. फॉरमॅट झाल्यावर मराठी आणि उर्दू पत्रिकांचे चार वर्षांचे नमुने गेले. दुरुस्तीवाल्याची चूक नव्हती, मुलाचीही लबाडी नव्हती. सॉफ्टवेअर बसवताना त्याने एक प्रश्न विचारला होता, “कोठे ठेवू?” त्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिले नव्हते. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ एवढेच झाले होते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे पुष्कळ दुकानांत संगणक बदलण्याची किंवा नवी विंडोज घालण्याची वेळ येणार आहे. त्या वेळी काय वाचेल आणि काय जाईल, हे आज दिलेल्या पत्त्यावर ठरते. म्हणून हा विषय आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे सविस्तर मांडत आहोत.

पाथ म्हणजे काय?

पाथ म्हणजे फाईलचा पूर्ण पत्ता. लखोट्यावर आपण आधी नाव, मग घर, गल्ली, पेठ आणि शेवटी सोलापूर असे लिहितो, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे जातो. संगणकाचा पत्ता याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे जातो. आधी ड्राइव्ह, मग मोठे फोल्डर, मग त्यातील लहान फोल्डर आणि शेवटी फाईल. उदाहरणार्थ,

डी:\काम\पत्रिका\२०२५\निकाह-०४१

पडद्यावर ही अक्षरे रोमन लिपीत दिसतील. यातील प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे एक उंबरठा समजावा. रेघ ओलांडली की आपण आतल्या खोलीत गेलो.

ही पद्धत आली कोठून? जुन्या संगणकांत हार्ड डिस्क नव्हती, फक्त फ्लॉपी असे. पहिल्या दोन फ्लॉपींना ए आणि बी ही अक्षरे मिळाली, म्हणून हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला सी आले. सुरुवातीच्या डॉसमध्ये फोल्डरही नव्हते. १९८३ साली आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले. त्याआधीच्या युनिक्स प्रणालीत उंबरठ्यासाठी पुढे झुकलेली रेघ वापरत. डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामाला लागलेली होती, म्हणून मागे झुकलेली रेघ घेतली गेली. विंडोजने तीच परंपरा चालवली. लिनक्सवर काम करणाऱ्यांना उलटी रेघ दिसते ती यामुळे.

पत्ता दोन तऱ्हेने सांगता येतो. ‘सोलापूर, बेगम पेठ, अमुक गल्ली, अमुक घर’ हा पूर्ण पत्ता झाला, तो कोठूनही चालतो. ‘इथून पुढे जा, दुसऱ्या बोळात वळा’ हा सापेक्ष पत्ता झाला. तो तुम्ही कोठे उभे आहात यावर अवलंबून असतो. संगणकातही हे दोन्ही प्रकार आहेत. त्यांचा फरक पुढे कामाला येईल, तो ध्यानात असू द्यावा.

तीन वस्तू, तीन घरे

लिखाणाचे कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, नोटपॅड प्लस प्लस असो, वर्ड असो की लिब्रेऑफिस रायटर असो. त्याच्याशी तीन वेगळ्या वस्तू जोडलेल्या असतात. पहिली म्हणजे खुद्द सॉफ्टवेअर. दुसरी म्हणजे त्याची मांडणी, म्हणजे अक्षराचा आकार, शब्दकोशात आपण भरलेले शब्द, आपोआप दुरुस्तीच्या याद्या. तिसरी म्हणजे आपले काम.

सोलापूरकरांना हे मागाच्या भाषेत चटकन समजेल. जेकार्ड माग ही एक वस्तू, मागाची बांधणी ही दुसरी आणि नक्षीची पंचकार्डे ही तिसरी. फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जेकार्ड याने १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्याचे मर्मच हे होते की नक्षी मागात अडकून राहत नाही, ती कार्डांवर वेगळी राहते. माग मोडीत काढला तरी कार्डांची साखळी दुसऱ्या जेकार्डवर चढवता येते. शहाणा कारखानदार कार्डे मागाच्या पायाशी टाकून ठेवत नाही, फडताळात ठेवतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. कार्डे मागातच सोडतो आणि माग भंगारात गेला की कपाळाला हात लावतो.

तेव्हा या तिन्ही वस्तूंची घरे एकेक करून पाहू.

पहिले घर: सॉफ्टवेअरचे

बसवताना पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरच्या जागेचा. तेथे बहुधा सी ड्राइव्हमधील ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा पत्ता आधीच भरलेला असतो. पुष्कळजण हौसेने तो बदलून डी ड्राइव्ह देतात. हेतू असा की सी फॉरमॅट झाली तरी सॉफ्टवेअर वाचेल. हा समज चुकीचा आहे. सॉफ्टवेअर बसते तेव्हा त्याच्या नोंदी विंडोजच्या स्वतःच्या वहीत होतात, तिला रजिस्ट्री म्हणतात आणि ती सी ड्राइव्हवर असते. सी गेली की ती वहीही जाते. मग डीमधील सॉफ्टवेअरचा सांगाडा उरतो आणि बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा बसवावेच लागते. म्हणून जागेची टंचाई नसेल तर हा पत्ता आहे तसाच राहू द्यावा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये काही बदलायचे तर विंडोज परवानगी मागते. एखाद्याने चुकून काही खोडू नये म्हणून हा पहारा उपयोगाचाच आहे. पण याच कारणाने तेथे आपले काम कधीही ठेवू नये.

काही सॉफ्टवेअर विचारतात, ‘फक्त माझ्यासाठी की सर्वांसाठी?’ दुकानाच्या संगणकावर मालकाचे एक खाते आणि ऑपरेटरचे दुसरे खाते असेल, तर ‘सर्वांसाठी’ निवडावे. नाहीतर एकाला दिसणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिसत नाही आणि उगाच वादावादी होते.

आणखी एक चौकट बुचकळ्यात टाकते, ‘पाथमध्ये जोडा’. विशेषतः प्रोग्रॅमिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या एडिटरमध्ये ती असते. येथील ‘पाथ’ म्हणजे विंडोजने ठेवलेली फोल्डरांची एक यादी. आपण नुसते सॉफ्टवेअरचे नाव टाईप केले की ते कोठे कोठे शोधायचे, हे त्या यादीवरून ठरते. या चौकटीचा आपल्या फाईली कोठे जातील याच्याशी काहीही संबंध नाही. ती आधीच खूण केलेली असली तर तशीच असू द्यावी.

दुसरे घर: मांडणीचे

हे घर सहसा दिसत नाही, कारण विंडोज ते लपवून ठेवते. सी ड्राइव्हमध्ये ‘युजर्स’, त्यात आपल्या खात्याचे नाव आणि त्यात ‘अ‍ॅपडेटा’ असा हा पत्ता आहे. तेथे जायचे तर विंडोजचे बटण व आर ही कळ एकत्र दाबावी आणि टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये अ‍ॅपडेटा हा शब्द रोमन अक्षरांत टाईप करावा.

या फोल्डरकडे लक्ष देण्याचे एक मोठे कारण आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये न जतन केलेला मजकूरही सॉफ्टवेअर बंद करून उघडल्यावर जसाच्या तसा दिसतो. ही किमया कशी होते? ते दर ७ सेकंदांनी त्या मजकुराची नक्कल अ‍ॅपडेटामधील स्वतःच्या ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये ठेवते. सोय उत्तम आहे, पण तिने एक वाईट सवय लागते. ‘न्यू १’, ‘न्यू २’ अशा बिननावाच्या पानांवर दर, येणी, गिऱ्हाइकांचे फोन, सुताचे भाव असे महिनोन्महिने लिहिले जाते आणि सेव्ह कधीच केले जात नाही. तो सारा मजकूर सी ड्राइव्हमधील एका लपलेल्या कोपऱ्यात असतो आणि फॉरमॅटबरोबर जातो. बिननावाचे पान ही पाटी समजावी, वही समजू नये. दुकान वाढवण्यापूर्वी पाटीवरचे वहीत उतरवावे.

वर्डचीही अशीच व्यवस्था आहे. वीज गेली तर काम वाचावे म्हणून वर्ड मुळात दर १० मिनिटांनी नक्कल घेते, तीही अ‍ॅपडेटामध्येच. ही मुदत कमी करता येते. विजेचा खेळखंडोबा असेल तेथे ती ३ मिनिटांवर आणावी. मात्र ही नक्कल म्हणजे तात्पुरती पट्टी आहे. तिला जतन म्हणत नाहीत.

तिसरे घर: आपल्या कामाचे

हा सर्वांत महत्त्वाचा पत्ता आहे, आणि बसवताना सॉफ्टवेअर तो विचारीतही नाही. तो आपणच जाऊन भरावा लागतो.

आधी घर बांधावे. डी ड्राइव्ह असेल तर तिच्यावर ‘काम’ नावाचे एकच मोठे फोल्डर करावे. त्यात धंद्याप्रमाणे तीन-चार खोल्या कराव्यात. छापखान्याला पत्रिका, बिलबुके, फलक, हिशेब. चादर कारखान्याला नक्षी, दरपत्रके, आदेश, हिशेब. प्रत्येकाच्या आत साल. याहून खोल जाऊ नये. सात उंबरठे ओलांडून फाईल सापडत असेल तर कोणीतरी कंटाळून ती डेस्कटॉपवर टाकणारच.

मग प्रत्येक सॉफ्टवेअरला हा पत्ता सांगावा.

वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ असे गेल्यावर ‘डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’ ही ओळ दिसते. तेथे आपल्या फोल्डरचा पत्ता भरावा.

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ आणि मग ‘पाथ्स’. येथे एक यादीच उघडते. माझे दस्तऐवज, नमुने, शब्दकोश, बॅकअप अशा प्रत्येकाचा पत्ता वेगळा. यातील दस्तऐवज आणि बॅकअप हे दोन पत्ते बदलावेत. बाकीचे न समजता हलवू नयेत, नाहीतर शब्दकोश सापडेनासे होतात.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रेफरन्सेस’, ‘डिफॉल्ट डिरेक्टरी’. येथे तीन पर्याय आहेत. उघडलेल्या फाईलच्या मागोमाग जावे, शेवटी वापरलेले फोल्डर लक्षात ठेवावे, की ठरवून दिलेला पत्ता वापरावा? एकच माणूस एकच काम करीत असेल तर पहिला पर्याय सोयीचा. दुकानात दोघे-तिघे त्याच संगणकावर बसत असतील तर तिसराच घ्यावा. ‘शेवटचे फोल्डर’ हा पर्याय सामायिक संगणकावर घातक ठरतो. सकाळी एकाने पेनड्राइव्हवरून फाईल उघडलेली असते आणि दुपारी दुसऱ्याचे काम त्या पेनड्राइव्हवर जाऊन बसते. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन निघून जाते आणि त्याबरोबर दुसऱ्याचे कामही निघून जाते.

यावरूनच एक नियम निघतो. पेनड्राइव्हचा पत्ता कधीही कायमचा पत्ता म्हणून देऊ नये. आज तिला ई हे अक्षर मिळते, उद्या एफ मिळेल. पत्ताच फिरता असेल तर टपाल पोहोचणार कसे?

सगळ्या सॉफ्टवेअरना एकेक करून सांगायचे नसेल तर दुसरा उपाय आहे. विंडोजचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरच डीवर हलवता येते. त्यावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’ असे करावे. मग जी जी सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, ती नव्या जागी ठेवू लागतात.

पण आधी एक पाहून घ्यावे. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे खाते उघडले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे बरेचदा ‘वनड्राइव्ह’च्या छताखाली जातात. नाव ‘डॉक्युमेंट्स’च दिसते, पण खरा पत्ता बदललेला असतो. ही सेवा फुकट ५ जीबीपर्यंतच मिळते. तेवढी जागा भरली की पुढच्या फाईली वर चढत नाहीत. कधी फाईलपुढे ढगाचे चित्र दिसते, म्हणजे ती फाईल संगणकात उतरलेलीच नाही, इंटरनेट नसेल तर उघडणार नाही. कोणी घाईने वनड्राइव्ह बंद केले की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घबराट उडते. फाईली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तेथे आधी शोधावे. कोणत्याही फोल्डरचा खरा पत्ता पाहायचा तर वरच्या पट्टीतील मोकळ्या जागेवर एकदा टिचकी मारावी. पूर्ण पत्ता उमटतो.

हिशेबाच्या टॅलीप्राइमलाही हाच न्याय. नवी कंपनी उघडताना वरच ‘कंपनी डेटा पाथ’ लिहिलेला असतो. तो मुळात सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’, ‘पब्लिक’ याखाली असतो. आत कंपनीच्या नावाऐवजी नुसते आकडे असलेली फोल्डरे असतात. ओळखता येत नाहीत म्हणून कोणी ती कचरा समजून खोडू नयेत.

नावे ठेवताना

पत्ता चांगला असून नाव वाकडे असेल तरीही अडते. विंडोजमध्ये दोन्ही तिरक्या रेघा, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोन करणारी दोन चिन्हे आणि उभी रेघ ही फाईलच्या नावात चालत नाहीत. बिल क्रमांक १२/२५ असा लिहिण्याची आपली रीत आहे. फाईलला ते नाव देता येणार नाही, १२-२५ असे द्यावे. मेसर्ससाठी एम व एस यांच्यामध्ये आपण जी रेघ मारतो, तीही येथे बंद.

तारीख लिहायची तर साल आधी, मग महिना, मग दिवस. २०२५-११-०३ असे लिहिले की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची ३ तारीख आणि नोव्हेंबरची ३ तारीख शेजारी येऊन बसतात.

पूर्ण पत्त्याची लांबीही मोजली जाते. विंडोजची मर्यादा सर्वसाधारणपणे २६० अक्षरांची आहे. नव्या विंडोजमध्ये ती वाढवता येते, पण सगळी सॉफ्टवेअर ती वाढ मानत नाहीत. देवनागरीत काना, मात्रा, उकार हेही वेगळे मोजले जातात. ‘सोलापूर’ आपल्याला चार अक्षरांचे दिसते, संगणक ते सात मोजतो.

देवनागरी नावे द्यावीत की नाहीत? आजच्या विंडोजमध्ये, वर्डमध्ये खुशाल द्यावीत, काही बिघडत नाही. पण ज्या फाईली जेकार्डच्या, भरतकामाच्या किंवा कटिंगच्या यंत्राकडे जातात, त्यांच्या पूर्ण पत्त्यात रोमन अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच ठेवावे. जुन्या यंत्रांचे सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवते किंवा फाईल उघडतच नाही. उर्दू नावांची अडचण निराळी आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि पत्ता डावीकडून उजवीकडे. एकाच पत्त्यात दोन-तीन उर्दू फोल्डर आली की त्यांचा क्रम पडद्यावर उलटसुलट दिसतो. पत्ता आतून बरोबर असतो, वाचणारा मात्र चकतो. म्हणून उर्दू मजकूर इनपेजमध्ये किंवा वर्डमध्ये मनसोक्त जुळवावा, फोल्डरचे नाव साधे रोमन ठेवावे.

अक्षरांचे घर विसरू नये

फॉरमॅटनंतर फाईली वाचल्या, पण उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे आली, ही तक्रारही आम्ही ऐकतो. याचे कारण फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांतील जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर तोच फॉन्ट असेल तरच वाचता येतो. युनिकोडमधील मजकुराला ही अडचण नाही, तो कोणत्याही युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये वाचता येतो.

फॉन्ट पूर्वी विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ या एकाच फोल्डरमध्ये जात. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एक बदल झाला. नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटले तर फॉन्ट त्या एका खात्यापुरता, अ‍ॅपडेटामध्ये बसतो. ऑपरेटरला दिसतो, मालकाच्या खात्यात दिसत नाही. त्यासाठी फॉन्टवर उजवे बटण दाबून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घ्यावा. आणि विकत घेतलेल्या फॉन्टची मूळ फाईल व परवान्याचा क्रमांक ‘काम’ फोल्डरमध्ये वेगळ्या खोलीत ठेवावा.

जोडलेली चित्रे आणि दुसरा संगणक

वर सांगितलेला पूर्ण आणि सापेक्ष पत्त्याचा फरक येथे कामाला येतो. पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्र पुष्कळदा पानात भरलेले नसते, फक्त त्याचा पत्ता नोंदलेला असतो. फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि चित्र मागे राहिले, की छपाईला चौकट रिकामी किंवा धूसर येते. उपाय सोपा आहे. एका कामाचा मजकूर, चित्रे आणि फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि न्यायचे तर सबंध फोल्डर न्यावे.

दोन संगणक तारेने जोडलेले असतील तर पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो आणि पुढे त्या संगणकाचे नाव येते. हा पत्ता कायमचा म्हणून देता येतो, मात्र मुख्य संगणक बंद असेल तर तो उघडणार नाही. म्हणून ज्यावर सामायिक काम आहे, तो संगणक सकाळी सर्वांत आधी चालू आणि रात्री सर्वांत शेवटी बंद, असा दंडक घालावा.

पत्ता बरोबर असला तरी दुसरी प्रत हवीच

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सी आणि डी ही बरेचदा एकाच डिस्कची दोन दालने असतात. फॉरमॅटपासून डी वाचते, पण डिस्कच बिघडली तर दोन्ही जातात. म्हणून ‘काम’ फोल्डरची पूर्ण नक्कल दर आठवड्याला एका बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी. आगीला आणि चोराला दुकानातील दोन प्रती म्हणजे एकच प्रत. सगळे काम एका फोल्डरमध्ये आणण्याचा खरा फायदा येथे दिसतो, कारण नक्कल एकाच वस्तूची घ्यायची असते.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब व नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायच्या आहेत. २०२४-२५ या वर्षाची नियत तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवेत. इतक्या काळात दुकानाचा संगणक एकदा तरी बदलणारच. तेव्हा ‘फॉरमॅटमध्ये गेले’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

आणि कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेल्या सोलापुरी चादरीची ओळख तिच्या जेकार्ड नक्षीत आहे. व्यापारी आपली नक्षी आपल्याकडे सोपवतो, ती आपल्याकडे अमानत असते. पत्रिका छापायला आलेल्या घराची नावे आणि पत्ते हीसुद्धा अमानतच. ती कोठे ठेवली आहे हे ठाऊक नसणे आणि ती हरवणे यांत फारसे अंतर नाही.

पत्त्यांची वही

शेवटी एक काम आजच करावे. एका जाड कागदावर पुढील गोष्टी शाईने लिहाव्यात. कोणते सॉफ्टवेअर कोठे फाईल ठेवते, त्याचा पूर्ण पत्ता. टॅलीचा डेटा कोठे आहे. फॉन्टच्या मूळ फाईली कोठे आहेत. बाहेरच्या डिस्कवर शेवटची नक्कल कोणत्या तारखेला घेतली. हा कागद संगणकात ठेवू नये, गल्ल्यात ठेवावा.

मग ऑपरेटरला शेजारी बसवून एक परीक्षा घ्यावी. प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून नवे पान घ्यावे, एक ओळ टाईप करावी आणि जागा न निवडता ‘सेव्ह’ करावे. ती फाईल कागदावर लिहिलेल्या पत्त्यावर सापडली तर ठीक. नाही सापडली, तर कोणत्या सॉफ्टवेअरने आपले ऐकलेले नाही ते त्याच क्षणी कळते. बाहेरच्या डिस्कवरील एखादी फाईलही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली नक्कल भरवशाची नसते.

आमच्या त्या परिचित छापखानेवाल्यांनी पुढे हेच केले. आता दुरुस्तीवाला आला की ते मुलाला हाक मारीत नाहीत. गल्ला उघडतात, कागद काढतात आणि एकेक पत्ता बोट ठेवून तपासतात. मगच म्हणतात, “हं, आता मारा फॉरमॅट.”